पळत आलेला मुराळी

कंग्राळी,
सोमवार, ता. ४ जानेवारी १९३७

ति. अंजनाक्कास भरमूचा साष्टांग नमस्कार.

पत्र दाजींच्या वखारीच्या पत्त्यावर धाडतोय. घराच्या पत्त्यावर धाडलं तर तुझ्या सासूबाई कुणाकडनं तरी वाचून घेतील आन् मग तुझंच डोकं खातील.

पैलं मुद्द्याचं सांगतो, न्हाईतर माझं पोट दुखंल. बेळगावच्या एका तालीम मंडळानं लांब पळायची शर्यत ठेवलीया. इंग्रजीत तिला मॅरेथॉन म्हणतात. सव्वीस मैल. हत्तरगीपासनं सुटायचं, संकेश्वर, कणगला करत तवंदीचा घाट उतरायचा आन् निपाणीत चावडीपुढं थांबायचं. व्हय, तुझ्या निपाणीत. ३१ तारखेला, रविवारी. पैल्या दोघांना पुण्याच्या मोठ्या शर्यतीला धाडणार हायत. माझं नाव दिलंय.

कँपातले सुभेदार मारुतीराव मला शिकवतात, हे तुला दिवाळीत लिवलंच होतं. तवापासनं त्यांनी काकती काय, वंटमुरी काय, पळवून पळवून माझी हाडं मोकळी केली. आन् परवा एकाएकी म्हणाले, बस्स झालं. आता रोज कमी कमी पळायचं आन् शेवटच्या आठवड्यात नुसतं फिरून यायचं. मला वाटलं माझं काय तर चुकलं. तर म्हणाले, "पाय तयार झालेत. आता जे जादा पळशील ते शर्यतीतनं वजा होईल."

आक्का, हे सोपं न्हाई गं. पळ म्हटलं तर मी पळतो. गप बस म्हटल्यावर काय करू? सकाळी दावणीच्या खोंडागत पाय आपटत अंगणात फिरतोय. आई म्हणती काय वारं लागलं का तुला. नागोजीकाका म्हणतोय, पोरगं भ्यालं, म्हणून पळायचं सोडलं.

दुसरं तुझं. तुला दिवस गेल्याचं कळल्यापासनं आईचा जीव थाऱ्यावर न्हाई. पैलं बाळंतपण माहेरातच व्हायला पायजे, हे आप्पांना का कळत न्हाई? पण काल परत तेच. मागल्या साली तुला न्यायला नागोजीकाका मुराळी म्हणून आलता, त्याला तुमच्या लोकांनी तंबाखूची गाडी भरायच्या नादात दुपारभर कट्ट्यावर बसवलं, पायावर पाणी घातलं न्हाई. तो तसाच उठून परत आला. तवापासनं आप्पांचा एकच हेका, की तिची सासू स्वतः माझ्या दारात यीस्तवर ह्या घरातनं मुराळी जाणार न्हाई. शर्यतीचं सांगितलं तर म्हणाले, पळ, पण शर्यत सपली की मोटारीत बसायचं, त्या दारात थांबायचं न्हाई. मी हो म्हणालो.

मला एक सांग. आप्पांनी न धाडता मी मुराळी होऊ शकतो का?

तुझा,
भरमू


निपाणी,
सोमवार, ता. ११ जानेवारी १९३७

चि. भरमूस अंजनीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी दुपारी जेवायला येताना आणून दिलं. चुलीपुढं बसून वाचलं आन् तुझ्या खोंडागत पाय आपटण्यावर हसू आलं. आत्याबाईंनी विचारलं काय झालं, मी म्हटलं धूर गेला डोळ्यात.

अरे, तू न्हाई होऊ शकत मुराळी. थोरल्यानं धाडल्याशिवाय कोण मुराळी असतो का? तू दारात येशील, तर आत्याबाई पैलं विचारतील आप्पांनी धाडलं का म्हणून. तू खोटं बोलशील आन् तुझे कान लाल होतील, त्या लगेच वळखतील. त्यांचंबी आप्पांसारखंच हाय. त्यांचं म्हणणं, नागोजीराव माझ्या दारातनं पाणी न घेता उठून गेले, सगळ्या गल्लीनं बघितलं. आता दुसरा मुराळी येऊन माझ्या दारात पाणी घेत न्हाई तवर सून धाडणार न्हाई. मामांजी गेल्यापासनं हे घर त्यांच्या शब्दावर चालतंय. आन् दोघंबी आपापल्या जागी बसल्यात, मधे मी.

मलाबी गप बसायला सांगितलंय, भरमू. जड उचलायचं न्हाई, वाकायचं न्हाई, वखारीत जायचं न्हाई. तंबाखूचा हंगाम, सगळं घर पळतंय आन् मी पुढच्या सोप्यात बसून भिंत बघतीया. तुझी न् माझी गत एकच झाली. तुला निदान तारीख तर ठाऊक हाय.

खरं सांगू का? मला भ्या वाटतंय. हितली सुईण चांगली हाय म्हणतात. पण शेजारची अक्काताई बाळंतपणाच्या गोष्टी सांगती तवा मी उठून आत जाते. मला आई पायजे. एवढंच पायजे. नववा लागला की मग हलवायलाबी लोक भितात, म्हणून जे काय व्हायचं ते ह्या महिन्यात व्हायला पायजे. न्हाईतर इथंच.

सुभेदारांचं ऐक. मुकाट गप बस. आईला सांगू नको मी भ्याले म्हणून.

तुझी,
अंजनी


कंग्राळी,
मंगळवार, ता. १९ जानेवारी १९३७

ति. आक्कास नमस्कार.

सांगू नको म्हणालीस, पण मी सांगितलं. आई रडली. मग मी आप्पांना सांगितलं, मोठ्यानं, सगळ्यांपुढं. म्हटलं, आक्का भ्यालीया, तिला आई पायजे. आप्पा जेवत होते. हातातला घास तसाच धरून बसले. मला वाटलं आता पाघळले. तर म्हणाले, तिच्या सासूला यायला काय झालं. आन् उठून गेले, ताट तसंच. आक्का, त्यांनाबी आत कुठंतरी टोचतंय. पण तोंडातनं निघून गेलेला शब्द माघारी घ्यायला ह्या माणसाला येत न्हाई.

आता माझी चूक ऐक. आज गावात वार पाळल्यात. लक्ष्मीचे हे मंगळवार आले की बैल जुंपायचा न्हाई, जातं फिरवायचं न्हाई, शेतात पाऊल टाकायचं न्हाई, हे तुला ठाऊकच हाय. सगळं गाव देवळापुढच्या कट्ट्यावर मोकळं बसल्यालं आन् मी त्यांच्यापुढनं फिरत होतो. झालं, सगळ्यांना मीच दिसलो. एक म्हणाला, पळणारा आता चालायला शिकतोय वाटतं. नागोजीकाका म्हणाला, निपाणीला पालखीत बसून जाणार हाय. हसली सगळी. मला सहन झालं न्हाई. वार असू दे न्हाईतर आणि काय, मी शिवेबाहेर गेलो आन् वंटमुरीच्या चढापर्यंत जीव खाऊन पळालो. येताना उजव्या पायाच्या पोटरीत कळ आली. लंगडत परत आलो.

सुभेदारसाबांना कुठनं कळलं कुणास ठाऊक, संध्याकाळच्या आत घरी हजर. शिव्या दिल्या न्हाईत, त्यानंच जास्त लागलं. पोटरी दाबून बघितली, गरम तेल लावायला सांगितलं आन् आईला म्हणाले, ह्याला पाच दिवस घराबाहेर सोडू नका, शेणगोठाबी करू देऊ नका. पायात जेवढं पळणं हाय ते लोकांना दाखवायला गेलं की सपतं, म्हणाले. वार मोडला म्हणून पंचांनी देवीला नारळ फोडायला सांगितलं, आईनं फोडला.

आता मी माळ्यावर पडून हाय. पाय वळवळतात. एक डास बसला तरी मला वाटतं उठून पळावं. दूध, तूप, बदाम, तालमीतल्या पोरांनी आणून ठेवल्यात जसा मी कुस्तीला निघालोय. सुभेदारसाबांनी तूप बंद केलं. भाकरी, डाळ आन् झोप, बस्स.

तुझं घर चावडीच्या वाटेवरच हाय न्हवं? मग शर्यत तुझ्या दारावरनंच जाणार. दारात उभी रहा. मी थांबणार न्हाई, आप्पांना शब्द दिलाय. पण हात करीन.

तुझा,
भरमू


निपाणी,
मंगळवार, ता. २६ जानेवारी १९३७

चि. भरमूस आशीर्वाद.

हे पत्र तुला वेळेवर मिळायला पायजे. ह्यांना आजच टपालात टाकायला सांगितलंय.

हितं भलतंच झालंय. परवा अक्काताई दारात उभी राहून आत्याबाईंना म्हणाली, अंजनीचा भाऊ बेळगावाहून पळत येणार हाय म्हणं रविवारी. तिनं तेलाच्या घाण्यावर ऐकलं. बेळगावाहून न्हवे, हत्तरगीहून, पण लोकांचं तसंच. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं आन् विचारलं, "न्यायला?"

भरमू, मी गप बसले. हो म्हणाले न्हाई आन् न्हाईबी म्हणाले न्हाई. शर्यतीचं एक अक्षर तोंडातनं निघालं न्हाई. त्या स्वतःशीच म्हणाल्या, एवढ्या लांबनं पळत, म्हंजे चूक मानलीया त्यांनी. तवापासनं त्या दारातनं हलत न्हाईत. अंगण सारवून घेतलं. माळ्यावरचा तांब्याचा मोठा तांब्या काढून चिंचेनं घासला. गूळ फोडून डब्यात ठेवला. तंबाखूची गाडी आली तर म्हणाल्या रविवारी दारात गाडी लावायची न्हाई. मागल्या साली ज्या बाईनं काकांना वळून बघितलं न्हाई, तीच बाई.

आता तू मला सांग मी काय करू. खरं सांगितलं तर त्यांची मान परत ताठ होणार. न्हाई सांगितलं तर त्या रविवारी रस्त्यात तांब्या घेऊन उभ्या राहणार आन् तू हात करून पुढं जाणार. मुराळी दारावरनं पळून गेला, हे एकदा झालं की मग मला माहेर जन्मात न्हाई.

थांबू नको. तू महिनाभर खोंडागत बांधून घेतलंयस ते काय माझ्यासाठी न्हाई. पुण्याला जा. न्हाई, थांब. अरे मला काय लिहायचं तेच कळंना. तू दाराजवळ आलास की बघू.

पोटरी कशी हाय ते कळव.

तुझी,
अंजनी


कंग्राळी,
शुक्रवार, ता. २९ जानेवारी १९३७

ति. आक्कास नमस्कार.

कार्डावर चारच ओळी. तुझं पत्र आलं न्हाई, बहुतेक हंगामात दाजी टाकायला विसरले. पोटरी बरी हाय. उद्या दुपारी मोटारीनं हत्तरगीला जाणार, तितं धर्मशाळेत मुक्काम. सुभेदारसाबांनी कॅनव्हासचे बूट दिल्यात. शेवटचे तीन दिवस मी पाव मैलसुद्धा पळालो न्हाई आन् मला वाटतंय मी पळायचंच विसरलो. सुभेदारसाब म्हणतात असं वाटलं की समज तयार झालास. मला काय पटत न्हाई.

आई म्हणती पोरीला डोळा भरून बघून ये. दारात उभी रहा.

भरमू


निपाणी,
बुधवार, ता. ३ फेब्रुवारी १९३७

ति. आक्कास नमस्कार.

आता मी तुझ्या घरात, तुझ्या सोप्यात, तू बघत बसायचीस तीच भिंत बघत पडलोय. आन् तू माझ्या कंग्राळीत. हे असं होईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. तुझं २६ तारखेचं पत्र काल कंग्राळीहून उलट हितं आलं, नागोजीकाकानं पत्ता बदलून धाडलं. वाचलं आन् कपाळाला हात लावला.

सोमवारी पहाटे तुमची मोटार सुटली तवा मी तापात होतो, तुझ्याशी धड बोलणंबी झालं न्हाई. तू फक्त दारातलं बघितलंस. मागचं आता सांगतो.

हत्तरगीहून सुटलो तवा थंडी होती. सुभेदारसाबांनी सांगितलं होतं, पैल्या दहा मैलात तुला लोक मागं टाकून जातील, जाऊ दे. गेले की. अर्ध्याच्या वर गेले. मी दात खाऊन गप पळत राहिलो. पण आक्का, काय सांगू, पाय असे हलके होते की मलाच भ्या वाटलं. महिनाभर ज्या बसण्याला शिव्या घातल्या, तेच बसणं आता पायात उतरलं होतं. संकेश्वरचा पूल ओलांडला आन् मग एकेक जण मागं पडायला लागला. कुणी पोट धरून बसला, कुणी झाडाखाली. कणगल्याला बुटानं टाच सोलली, बूट काढून फेकले, अनवाणी पळालो. तवंदीच्या घाटावर सुभेदारसाब सायकलवर भेटले, म्हणाले पुढं एकटाच हाय, गडहिंग्लजचा गडी. मागचा लई लांब हाय. असाच रहा, पुणं तुझं.

उतार लई वाईट. चढ परवडला. मांड्या दगडासारख्या झाल्या. पण निपाणी दिसली आन् मला दुसरं काय दिसंना. गल्लीत वळलो, दोन्ही बाजूला माणसं, पोरं वरडत होती. चावडी दिसत होती, आक्का. रेघ मारल्याली, पांढरी, डोळ्यांपुढं.

आन् मधे तुझ्या सासूबाई. रस्त्याच्या मधोमध तांब्या घेऊन उभ्या. गडहिंग्लजच्या गड्याला जाऊ दिलं, मला आडव्या आल्या. "मुराळी आलायस न्हवं? मग पाणी घे."

मला काय कळंना. बाजूनं निघून जाता आलं असतं, रस्ता रुंद होता. आप्पांना दिल्याला शब्द आठवला. सुभेदारसाब आठवले, पुणं आठवलं. मग त्यांच्यामागं तू दिसलीस, दोन्ही हातांनी चौकट धरून उभी. एवढं मोठं पोट. तू मान हलवत होतीस. हो म्हणत होतीस का न्हाई म्हणत होतीस ते मला आजतागायत कळलं न्हाई.

मी थांबलो. म्हणालो, "व्हय. न्यायला आलोय."

त्यांनी मला कट्ट्यावर बसवलं, सोललेल्या टाचेवर पाणी घातलं. पाणी लाल झालं. त्यांनी पदरानं पाय पुसला. गूळ दिला. मी तोंडात टाकला आन् उठायला गेलो, तर दोन्ही मांड्या धरल्या. पायरीवरनं पाय वाकडा पडला आन् घोट्यातनं कडाक असा आवाज झाला. पुढं तू बघितलंसच. माझ्यासमोरनं एक गेला, दुसरा गेला, मग मी मोजायचं सोडलं.

वैद्यानं घोट्याला पाला बांधलाय, अजून बरेच दिवस उठायचं न्हाई म्हणतो. परत गप बसायचं. दाजी वखारीतनं येतात, दोन घास खातात, जातात. लाजतात माझ्याशी बोलायला. तू आईजवळ पोचलीस न्हवं? लगेच कळव.

भरमू


कंग्राळी,
रविवार, ता. ७ फेब्रुवारी १९३७

चि. भरमूस अनेक आशीर्वाद.

पोचले. आईच्या मांडीवर डोकं ठेवून दोन दिवस नुसती झोपले. आता सगळं सांगते, तू बसून वाच, उड्या मारू नको.

मुराळी पाय मोडून पडल्यावर मला कुणाबरोबर धाडायचं? ह्यांना वखार सोडता येत न्हाई. आत्याबाईंनी कुणाला विचारलं न्हाई, लुगडं बदललं, मला मोटारीत पुढच्या बाकावर बसवलं आन् शेजारी स्वतः बसल्या. बेळगावातनं बैलगाडी केली. दारात गाडी थांबली तवा आप्पा गोठ्यात होते. बाहेर आले, आत्याबाईंना बघितलं आन् जिथं होते तिथंच उभे राहिले. आईच्या हातात तांब्या होता, तो त्यांनी काढून घेतला आन् स्वतः पुढं आले. म्हणाले, "तुमी आलासा." एवढंच.

संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन सगळ्यांना सांगून आले, बघा, आली का न्हाई सासू माझ्या दारात. आन् आत आत्याबाई आईला सांगत होत्या, तुमचा लेक चूक मानून पळत आला, म्हणून मीबी मोठं मन केलं. आईनं त्यांना बाळंतपण होईस्तवर हितंच ठेवून घेतलंय. दोघंबी जिंकल्यात. आप्पांना वाटतंय तू शर्यत पळताना पडलास आन् त्या लोकांनी दया करून उचलून घरात नेलं. मी काय बोलले न्हाई. तूबी बोलू नको. आप्पा दोनदा म्हणाले, पोरानं शब्द पाळला.

आता एक गोष्ट अशी हाय, की ती तुझ्यापासनं लपवावी असं लई वाटलं. पण तुझ्यापासनं लपवून मला झोप यायची न्हाई.

संकेश्वर मागं गेल्यावर आत्याबाई मोटारीत म्हणाल्या, "दवंडी मीबी ऐकलीया गं. मला काय शर्यत ठाऊक न्हवती?" म्हणाल्या, "नागोजी माझ्या दारातनं पाणी न घेता गेला, ते गल्लीनं बघितलं. आता एक पोरगा बक्षीस सोडून माझ्या दारात थांबला, तेबी गल्लीनं बघितलं. पुढं गेला असता तर मी तुला धाडली नसती." संकेश्वरचे मळे लांब गेल्यावर म्हणाल्या, त्याचा पाय मोडंल असं वाटलं न्हवतं.

भरमू, चिडशील तर चीड. माझ्यावरबी चीड. मी त्या दिवशी गप बसले नसते तर हे झालंच नसतं.

तुझी,
अंजनी


निपाणी,
बुधवार, ता. १० फेब्रुवारी १९३७

ति. आक्कास नमस्कार.

चिडलोय. लपवत न्हाई.

म्हंजे त्या बाईनं जाणूनबुजून माझी परीक्षा घेतली. पांढरी रेघ तिलाबी दिसत होती. मी पुढं गेलो असतो तर तुला तसंच ठेवलं असतं, आईविना, भ्याल्यालं? हे कसलं मन? आप्पांचं तसंच. दोघांच्या मानापायी एक पोरगी आन् एक पाय. तुझा राग येत न्हाई. तू काय करणार होतीस.

सुभेदारसाब काल येऊन गेले. पाला सोडून घोटा बघितला, नीट परत बांधला आन् गेले. पुण्याला गडहिंग्लजचा आन् दुसरा आल्याला पोरगा चाललेत. तो माझ्या लई मागं होता, आक्का. मी त्याला कणगल्याच्या अलीकडं बसल्याला बघितला होता.

सगळ्यात वाईट काय, सांगू? तुझ्या सासूबाईंनी जाताना माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी बरणीत भरून ठेवलीया आन् अक्काताईला रोज भाकरी टाकायला सांगून गेल्यात. मी तीच चटणी रोज खातोय आन् रोज त्यांच्यावर चिडतोय. चटणी चांगली हाय, त्यानं आणखी राग येतो. पाय वळवळतोय. माशी बसली तरी हाकलायला उठावं वाटतं. महिनाभर शर्यतीसाठी गप बसलो, ते समजत होतं. आता कशासाठी बसलोय?

तू बरी हायस न्हवं? आईला विचारून खरं लिव.

भरमू


निपाणी,
बुधवार, ता. १७ फेब्रुवारी १९३७

ति. आक्कास आन् माझ्या भाचीला,

आज दुपारी मी सोप्यात पडलोय, तर दारात सावली पडली. नागोजीकाका. डोक्याला नवं मुंडासं, हातात साखरेची पुडी, अंगावर प्रवासाची धूळ. रस्त्यावरच उभा. आत येईना. मला कळलं तो का येईना.

घरात कुणी न्हवतं. तुझ्या सासूबाई तिकडं, तू तिकडं, दाजी वखारीत. मी उठलो, भिंत धरत चुलीकडं गेलो, तो तांब्याचा मोठा तांब्या भरला आन् लंगडत दारात आलो. काकाला म्हणालो, बस. तो कट्ट्यावर बसला, जिथं मागल्या साली बसल्याला आन् जिथं मी बसल्यालो. मी त्याच्या पायावर पाणी घातलं. त्या घरचा माणूस म्हणून. तो खाली बघत होता. म्हणाला, पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत. मग मला धरून रडला, मुंडासं सुटून माझ्या मांडीवर पडलं.

आक्का, तुझ्या सासूबाईंचं काय ते मी अजून ठरवलेलं न्हाई. पण काका सांगत होता, तुझ्या कळा सुरू झाल्या तवा सुईणीच्या बाजूला त्याच बसल्या होत्या, तू त्यांचाच हात धरलास आन् त्यांच्या मनगटावर तुझी नखं उमटलीत. त्यांना सांग, चटणी सपली.

मग मला आठवलं, दाजींना सांगायचं राहिलं. काका म्हणाला मी जातो, तू बस. मी बसलो न्हाई. वैद्यानं आणखी चार दिवस म्हटलेलं. साखरेची पुडी घेतली आन् निघालो. पैलं लंगडत, मग जरा पटपट, आन् मग काय झालं मला कळलं न्हाई, मी पळत होतो. घोटा दुखत होता. अक्काताई मागनं वरडली, अरे पाय. लोक बघायला लागले. मी पळतच गेलो, चावडीवरनं, तालुक्याच्या रस्त्यानं, थेट वखारीत. दाजी तंबाखूच्या ढिगावर उभे होते, खोकत होते. मी म्हणालो, पोरगी. त्यांनी हातातलं तसंच टाकलं.

परत आल्यावर काकानं विचारलं, चावडीपुढची ती पांढरी रेघ अजून हाय का रं? मी म्हणालो ठाऊक न्हाई. तिच्यावरनं गेलो असणार. मी बघितलंच न्हाई, कारण रस्त्यात कुणी तांब्या घेऊन आडवं उभं न्हवतं आन् मला थांबायचं न्हवतं.

पोरीचं नाव काय ठेवताय ते कळवा. तिला आजोळी न्यायची वेळ आली की मुराळी मीच येणार, आप्पांना आत्तापासनं सांगून ठेव.

तुझा,
भरमू